राष्ट्रकूट कोणाचे?

दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले, की चकलीच्या जोडीला वाद हा हवाच. आणि आम्हां पेण-रोह्याकडच्या मंडळींना तो चकलीहूनही अधिक रुचतो. अशा बैठकींत मी एक प्रश्न अनेकदा ऐकला आहे : वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी खोदविले ते राष्ट्रकूट राजे मराठी की कानडी?

ह्या प्रश्नाला ग्रंथांचा आधार आहे. चिं. वि. वैद्य यांनी राष्ट्रकूटांना मराठ्यांचे पूर्वज ठरविले. त्यांचे विवेचन वाचताना एखाद्या निष्णात वकिलाचे भाषण ऐकावे तसे वाटते : ओघ मोठा, निष्ठा त्याहून मोठी, मात्र निकाल आधीच ठरलेला. पुढे १९३४ साली अ. स. आळतेकर यांचा राष्ट्रकूटांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. हे राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर. एवढ्यावर दुसरा कोणी विजयाची तुतारी फुंकता! पण त्या काळी लातूरकडचा मुलूख कानडी बोलणारा होता आणि ह्या घराण्याची मातृभाषाही कानडीच होती, असा निर्वाळा आळतेकरांनी मराठी असून दिला. पुराव्यापुढे स्वाभिमानाला मान तुकवावयास लावणे, ही विद्वत्तेची खरी कसोटी होय. आळतेकर तिला उतरले.

तरीही माझे समाधान होत नाही. दोघांनी उत्तरे निरनिराळी दिली, पण 'मूळचे कोणाचे?' हा प्रश्न दोघांनीही निमूटपणे पत्करला. तो प्रश्नच त्या काळाला लागू पडतो काय?

ह्याची साक्ष आमच्या दारातच आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा-चौलपाशी समुद्राला मिळते. ह्या चौलास अरब लोक 'सैमूर' म्हणत. इ. स. ९१६ मध्ये मसूदी नावाचा प्रवासी तेथे आला होता. बल्हराच्या, म्हणजे राष्ट्रकूट सम्राटाच्या, वतीने तेथे झंझ शिलाहार राज्य करीत होता. मसूदी लिहितो, की बल्हराच्या राजधानीत, मानकीरला, 'किरिया' भाषा चालते. सैमूर, सोपारा आणि ठाणे ह्या किनाऱ्यावर 'लारिया' चालते. किरिया म्हणजे कानडी असावी, असे विद्वान मानतात. लारिया कोणती, ह्यावर त्यांनी खुशाल भांडावे. मला एवढेच दिसते, की राजा एक होता, भाषा दोन होत्या, आणि त्याच्या ताम्रपटांची भाषा बहुधा तिसरीच, संस्कृत, होती. त्यामुळे राज्य मोडले नाही.

वाचकहो, हा केवळ पंडितांचा खेळ असता, तर मी तुमच्या फराळात खडा टाकला नसता. कोरियाचे प्राचीन कोगुर्यो राज्य आमचेच, असा सूर २००२ साली चीनने हाती घेतलेल्या संशोधनातून निघाला आणि कोरियात संतापाची लाट उसळली. २००४ साली युनेस्कोला दोन्ही देशांतील थडगी एकाच बैठकीत जागतिक वारशाच्या यादीत घ्यावी लागली! आपल्याकडेही सीमाप्रश्न त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे राष्ट्रकूटांना साक्षीला बोलावण्याचा मोह मराठी माणसाने अवश्य टाळावा. त्यांच्याच अमोघवर्षाच्या दरबारात 'कविराजमार्ग' सिद्ध झाला, आणि त्यात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. नवव्या शतकाचा शब्द प्रमाण धरला, तर बेळगाव मिळणे दूरच, नांदेड-पैठणच्या वेशीवर आपल्याला दाखला शोधीत हिंडावे लागेल!

बेळगावावरचा आपला हक्क तेथे आज नांदणाऱ्या, मराठीत हसणाऱ्या-रडणाऱ्या माणसांचा आहे. तो तेवढ्यावरच भक्कम उभा राहतो. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९५६ साली मुंबईसाठी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडून बाहेर पडले, ते कोणा दंतिदुर्गासाठी नव्हे, जिवंत माणसांच्या इच्छेसाठी. आणि पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी देशातील कितीतरी भाषा आपल्याशा केल्या आणि 'जय जगत्' म्हटले. मला ह्या दोघांत विरोध दिसत नाही. घरच्या भाषेसाठी खुर्ची सोडावी आणि शेजाऱ्याची भाषा आवडीने शिकावी, हे एकाच माणसाला साधण्याजोगे आहे.

मग राष्ट्रकूट कोणाचे? कैलासापुढे उभे राहून ज्याची मान आपोआप वर जाते, त्याचे. तेथे कानडी पाहुणा भेटला, तर त्याला आपल्या डब्यातली चकली द्यावी. वाद त्यानंतर घालावा.