आरशासमोरचा डाव : ‘हूज द बीटडाउन?’ या लेखातील भूमिकासिद्धान्ताची चिकित्सा

बीजसंज्ञा : मिरर मॅच, साइडबोर्ड, सराव-चाचणी, भूमिकानिश्चिती

प्रस्तावना

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेतील विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीने प्रकाशित केला. रमी किंवा बदामसात खेळताना सर्व खेळाडू एकाच कॅटमधून पाने घेतात. येथे मात्र प्रत्येक खेळाडू हजारो पानांतून निवड करून स्वतःचा कॅट बांधून आणतो. या स्वरचित कॅटला डेक म्हणतात. स्पर्धेतील डेक किमान ६० पानांचा असतो आणि मूलभूत लॅण्ड वगळता एका नावाची चारपेक्षा अधिक पाने त्यात चालत नाहीत. यांखेरीज १५ राखीव पाने जवळ ठेवता येतात. हा साइडबोर्ड होय. सामना सामान्यतः तीन डावांचा असून दोन डाव जिंकणारा विजयी ठरतो. पहिल्या डावानंतर राखीव पाने डेकमध्ये घेता येतात.

दोन्ही खेळाडूंनी जवळजवळ एकच डेक आणला, तर त्या सामन्यास मिरर मॅच म्हणतात. या प्रसंगाविषयीच्या लेखनात मायकेल जे. फ्लोरेस यांच्या ‘हूज द बीटडाउन?’ (१९९९) या छोटेखानी लेखाचे स्थान मोठे आहे. खेळाडूंच्या अनेक पिढ्या या लेखावर घडल्या. त्याचे प्रतिपादन खऱ्या मिरर मॅचमध्ये कोठवर टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूमिकासिद्धान्त

फ्लोरेस यांच्या मते प्रत्येक सामन्यात एका बाजूस आक्रमकाची आणि दुसऱ्या बाजूस नियंत्रकाची भूमिका घ्यावी लागते. डाव लांबल्यास ज्याचा तोटा होतो, त्याने आक्रमण करावे. ज्याचा लाभ होतो, त्याने थोपवून धरावे. आपली भूमिका चुकीची ओळखणे हे पराभवाचे मोठे कारण असते आणि सारख्या डेकांच्या लढतीत ही चूक सर्वाधिक घडते. भूमिका ओळखण्यासाठी ते तीन प्रश्न सुचवतात. हानी करण्याची क्षमता कोणाकडे अधिक आहे? प्रतिपक्षाची पाने नष्ट करणारी पाने कोणाकडे अधिक आहेत? प्रतिपक्षाचे पान रोखण्याची आणि जादा पाने ओढण्याची साधने कोणाकडे अधिक आहेत?

या विवेचनाचे महत्त्व निर्विवाद आहे. आक्रमकता हा डेकचा अंगभूत गुण नसून समोरच्या डेकशी असलेल्या संबंधातून ती ठरते, हे त्याने दाखवून दिले. एकाच डेकने एका प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडावे आणि दुसऱ्यासमोर संयम राखावा, ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटते, याचे बरेचसे श्रेय या लेखाला आहे.

सिद्धान्ताची मर्यादा

परंतु हे तिन्ही प्रश्न तुलनेचे आहेत. दोन डेक ‘सारखे’ असतात तेव्हा त्यांत थोडाफार फरक उरतो आणि प्रश्नांना उत्तर मिळते. साठही पाने तीच असतील, तर तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘समसमान’ एवढेच येते. ज्या प्रसंगी मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज आहे, नेमक्या त्याच प्रसंगी हा सिद्धान्त मौन धारण करतो.

खऱ्या मिरर मॅचमध्ये विषमता तीन ठिकाणांहून येते : प्रथम खेळण्याचा मान, हाती आलेली पाने आणि साइडबोर्ड. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बहुतांशी दैवाधीन आहेत. तिसरी मात्र खेळाडूच्या स्वाधीन आहे. दुसऱ्या डावापूर्वी कोणती पाने आणायची आणि कोणती काढायची हे ठरवताना खेळाडू आपली भूमिका ओळखत नाही. तो ती निवडतो. फ्लोरेस यांच्या विवेचनात भूमिका शोधून काढण्याची वस्तू आहे. साइडबोर्डनंतर ती रचण्याची वस्तू बनते, आणि हा भेद त्यांच्या लेखात पुरेसा स्पष्ट होत नाही.

कॉ-ब्लेडचे उदाहरण

या संदर्भात २०११ सालचा ‘कॉ-ब्लेड’ डेक अभ्यसनीय आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये पॅरिस येथील प्रो टूर स्पर्धा बेन स्टार्क यांनी या डेकच्या बळावर जिंकली. पुढे त्याचे प्राबल्य एवढे वाढले, की १ जुलै २०११ पासून त्यातील ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ आणि ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ ही दोन पाने स्टॅण्डर्ड प्रकारातून बाद करण्यात आली. दरम्यानच्या काळात या डेकच्या खेळाडूस आपल्याच डेकशी वारंवार झुंजावे लागले.

तेव्हाच्या नियमानुसार ‘जेस’ या एकाच प्रकारची दोन पाने पटावर आली, तर ती कोणाचीही असोत, दोन्ही बाद होत. हा नियम २०१३ साली बदलला. ‘माइंड स्कल्प्टर’ला चार मॅना लागत; ‘जेस बेलेरेन’ या तुलनेने दुबळ्या पानाला तीनच. म्हणून मिरर मॅचसाठी दुबळा जेस उपयोगी ठरला. तो एक पाळी आधी उतरे, जादा पान मिळवून देई आणि प्रतिपक्षाने चार मॅना खर्चून आणलेल्या बलाढ्य जेसला स्वतःसह घेऊन जाई. या पानाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या ताकदीत नव्हते. ते आरशातल्या प्रतिस्पर्ध्यामुळे निर्माण झाले होते. मात्र दोघांनीही तीच युक्ती केली, की दोन दुबळे जेस परस्परांना बाद करीत आणि लाभ पुन्हा प्रथम खेळण्याच्या मानावर अवलंबून राही.

‘बॅटरस्कल’ या शस्त्राची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एरवी पाच मॅना लागणारे हे पान ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’च्या साहाय्याने दोन मॅनात, म्हणजे तिसऱ्या पाळीतही, पटावर येई. त्यावर उपाय म्हणून ‘डिव्हाइन ऑफरिंग’ हे शस्त्रनाशक पान घेता येई. पण तीन मॅना मोजून बॅटरस्कल हातात परत घेण्याची सोय त्याच्या धन्याला होती. तिसऱ्या पाळीत त्याच्याकडे एकच मॅना उरतो, तेव्हा उपाय लागू पडतो. पाचव्या पाळीत पाचांपैकी तीन उरतात, तेव्हा तोच उपाय वाया जातो. पानांची यादी दोन्ही वेळी तीच; आक्रमक कोण हे मात्र पाळीगणिक बदलते.

सराव-चाचणी आणि पुराव्याचा प्रश्न

असे निर्णय सरावातून घ्यावेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तथापि, सराव कोणत्या गोष्टीचा पुरावा देतो हे क्वचितच तपासले जाते. दोन योजना पूर्णतः तुल्यबळ असल्या, तरी दहा डावांत एक ठरावीक बाजू सात किंवा अधिक डाव जिंकण्याची संभाव्यता सुमारे १७ टक्के आहे. शंभर डाव खेळल्यावरही ९५ टक्के विश्वासपातळीस अनिश्चितता सुमारे दहा टक्के बिंदू इकडे-तिकडे राहते. साइडबोर्डमधून आणलेली दोन पाने घेतली, तर ६० पानांच्या डेकमधील पहिल्या दहा पानांत त्यांपैकी किमान एक दिसण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के आहे. म्हणजे दहा डाव खेळूनही आरंभीच्या पाळ्यांत ज्या पानाची परीक्षा घ्यायची, ते साधारण तीनच डावांत भेटते. एवढ्यावर ‘हे पान चालते’ असा निर्वाळा देणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

दुसरा दोष सरावाच्या रीतीत आहे. पुष्कळसा सराव मूळ ६० पानांनीच केला जातो. वस्तुतः सामना दोन डावांत संपला तर त्यातील एक, आणि तीन डावांपर्यंत गेला तर दोन डाव बदललेल्या पानांनी खेळले जातात. शिवाय सोबत्याला आपली राखीव पाने ठाऊक असतात. स्पर्धेतील परक्या खेळाडूला सहसा ती ठाऊक नसतात. दोघांच्या कौशल्यातील अंतरही योजनांतील अंतर म्हणून नोंदले जाते.

म्हणून मिरर मॅचच्या सरावात निव्वळ जयपराजय मोजणे अपुरे आहे. दोघांनी योजना आलटूनपालटून खेळाव्यात, प्रथम खेळण्याचा मान समान वाटून घ्यावा, आणि कोणत्या पाळीस कोणाला आक्रमक व्हावे लागले व ते कोणत्या पानामुळे, याची नोंद ठेवावी. आणलेल्या पानाइतकीच काढलेल्या पानाचीही दखल घ्यावी. कारण त्याची उणीव भासली का, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

निष्कर्ष

‘हूज द बीटडाउन?’ या लेखाने विचारलेला प्रश्न आजही योग्यच आहे. अपुरी आहेत ती उत्तर शोधण्यासाठी दिलेली साधने. डेकांच्या तुलनेतून भूमिका ठरते, हे विधान दोन भिन्न डेकांना लागू पडते. समरूप डेकांच्या लढतीत भूमिका पंधरा पानांतून रचली जाते, प्रथम खेळण्याच्या मानाने झुकते आणि पाळीगणिक पालटते. तिची कसोटी विजयांच्या अल्प बेरजेत सापडत नाही. प्रत्येक डावात भूमिका कोठे आणि कशामुळे पालटली, याच्या प्रामाणिक नोंदीतच ती शोधावी लागते.