निरोप तर गेला होता : यंत्राच्या बोलण्याची मीमांसा

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या ग्रुपवर दिवसभर जे बॉट बोलतात, त्यांचा शब्द कुठल्या प्रमाणात बसवायचा?" प्रश्न आम्हाला आवडला. आज त्याच्यावरच बोलू.

आधी वस्तू समजून घेऊ, कारण आमच्या वयाच्या श्रोत्यांना ती नवी असेल. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने आम्हाला त्याच्या टीमचं स्लॅकवरचं चॅनेल दाखवलं. त्यात माणसं बोलतात आणि मधेमधे यंत्रंही बोलतात. सर्व्हरची जागा भरत आली, अमुक ग्राहकाची तक्रार आली, रात्रीचा बॅकअप झाला नाही, असे निरोप येत राहतात. ही यंत्रं चॅनेलच्या बाहेर कुठेतरी असतात. त्यांना एक लांबलचक पत्ता दिलेला असतो, त्याला वेबहुक म्हणतात. घटना घडली की यंत्र त्या पत्त्यावर मजकूर टाकतं आणि तो टीमच्या पुढ्यात उमटतो. टेलिग्रामनेही 2015 मध्ये बॉटची सोय सगळ्यांना खुली केली आणि गावातल्या ग्रुपलाही हे जमू लागलं.

यात एक मेख आहे. तो पत्ता हीच किल्ली. ज्याच्या हाती पत्ता, त्याला आत बोलता येतं. चॅनेल विचारत नाही, बाबा, तू कोण? निरोपाच्या वर एक नाव आणि एक चित्र असतं, पण ते मांडणाऱ्याने मांडलेलं. म्हणजे बघा, इथे बोलणाऱ्याची ओळख पटवली जात नाही, फक्त दार उघडं आहे की नाही एवढंच पाहिलं जातं.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. भूमकडचा खवा आपण सगळे खातो. त्या बाजूच्या एका दूध संकलन केंद्रावर आमचं जाणं-येणं आहे. नाव सांगत नाही, मंडळी चांगली आहेत. दूध थंड ठेवायची टाकी असते, त्यात दूध चार अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. तापमान वाढलं की टेलिग्रामच्या ग्रुपवर आपोआप निरोप यावा, अशी सोय त्यांनी करून घेतली. एका रात्री वीज गेली. निरोप आला, 'टेम्प हाय, युनिट 2'. दर काही मिनिटांनी येत राहिला. ग्रुपमध्ये अकरा माणसं. काही झोपली होती, काहींनी पाहिला. ज्यांनी पाहिला त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणीतरी पाहिलाच असेल. सकाळी टाकी नासलेली.

त्या सकाळी आम्ही तिथे होतो. जो तो एकच वाक्य म्हणत होता, "मेसेज तर गेला होता!"

या वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार करतो आहोत. 'गेला' या क्रियापदाचा कर्ता कोण? मेसेज. पाठवणारा नाही, घेणारा नाही. मराठीत आपण 'मी निरोप दिला' म्हणतो तेव्हा देणारा जबाबदार राहतो. 'निरोप गेला' म्हटलं की निरोपाला स्वतःचे पाय फुटतात आणि माणसं बाजूला होतात. नुकसान मात्र दूध घालणाऱ्या बायाबापड्यांचं झालं.

आता दर्शनांकडे वळू. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे आणि जी तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर सांगतो, हे लक्षण ऋषीला लागू आहे तसंच म्लेंच्छालाही. म्हणजे जात-कुळी नको, जाण आणि प्रामाणिकपणा हवा.

मीमांसकांची वाट उलटी. कुमारिल भट्टांचा युक्तिवाद असा की, शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्यामुळे. त्याला भ्रम होतो, तो खोटं बोलतो. मग ज्या शब्दाला बोलणाराच नाही, त्यात दोष येणार कुठून? म्हणून वेद अपौरुषेय, आणि म्हणूनच प्रमाण.

आमचं म्हणणं असं आहे की, यंत्राच्या निरोपाला आपण नकळत अपौरुषेय मानायला लागलो आहोत. "सिस्टिममधूनच आलंय" म्हटलं की वाद मिटतो. आता, यात काही तथ्यच नाही असं नाही. रात्रपाळीचा माणूस डुलकी काढेल, मालकाला भिऊन लपवेल, यंत्राला लपवायचं कारण नाही. ते श्रेय यंत्राला द्यायलाच हवं. पण ते अपौरुषेय नाही हो! किती अंशांवर ओरडायचं हे कुणीतरी ठरवलं. त्या केंद्रावर आम्ही विचारलं, हा आकडा कुणी घातला? म्हणाले, टाकी बसवायला आलेल्या माणसाने. तो कुठे आहे? माहीत नाही. म्हणजे वक्ता आहे, फक्त तो उठून निघून गेला आहे.

निघून गेलेल्या वक्त्याची चूक दुरुस्त कशी करायची? आपल्या जिल्ह्याचंच नाव घ्या. 2023 मध्ये उस्मानाबाद अधिकृतपणे धाराशिव झाला. समजा, एखाद्या यंत्राला आधीच सांगून ठेवलंय की 'उस्मानाबाद' शब्द दिसला तरच ग्रुपवर निरोप टाक. आता धाराशिवचा इशारा आला तर ते गप्प बसेल. माणूस दोन्ही नावं एकाच गावाची हे जाणतो. यंत्राला ते पुन्हा सांगावं लागतं, आणि सांगणारा जागेवर हवा.

मीमांसेत दुसरीही एक गोष्ट आहे, ती आज फार कामाची आहे. मीमांसक नुसत्या वर्णनाला आज्ञा मानत नाहीत. विधिवाक्य आलं की त्याला तीन प्रश्न विचारतात. काय साधायचं? कशाने साधायचं? कसं करायचं? आणि चौथा, याचा अधिकारी कोण, म्हणजे हे कुणी करायचं? ही कसोटी 'टेम्प हाय, युनिट 2' ला लावून पाहा. एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. हे नुसतं वर्णन आहे, आणि आपण त्याच्याकडून आज्ञेचं काम अपेक्षिलं.

हे दुधापुरतं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंडा भागात महापूर आला, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यात विसर्गाचे निरोप ग्रुपवर फिरतात ते आपण वाचतो. इतके हजार क्युसेक पाणी सोडले, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. पण सीनेकाठच्या शेतकऱ्याला क्युसेक नको आहे. त्याला हवंय, पाणी माझ्या गोठ्यापाशी केव्हा येईल, जनावरं आत्ता सोडू की उजाडल्यावर? आणि 'सतर्क राहावे' म्हणजे नेमकं काय करावे? असा निरोप यंत्राने पाठवला काय आणि माणसाने पाठवला काय, कसोटीला तो नापासच. यंत्र जोडल्याने तो फक्त लवकर आणि जास्त वेळा पोचतो.

जास्त वेळा पोचणं हाही धोकाच. 28 मार्च 1979 ला अमेरिकेत थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभरावर इशारे वाजले. महत्त्वाचा कोणता आणि किरकोळ कोणता, हे वेगळं करायची सोय नव्हती. सगळीच यंत्रं ओरडायला लागली की ऐकणारा बहिरा होतो.

उलट उदाहरणही देतो. जुलै 2023 मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. त्या निरोपात लिहिलं होतं की हा आमच्याकडून आलेला चाचणीचा निरोप आहे, तुम्ही काहीही करायचं नाही. लोक दचकले, पण मीमांसेच्या कसोटीला तो निरोप उतरला. कोण बोलतंय, कशासाठी, ऐकणाऱ्याने काय करायचं, सगळं होतं. (हशा)

कुणी म्हणेल, त्यापेक्षा जुनी दवंडी बरी होती. हलगी वाजायची, माणूस समोर उभा असायचा, त्याला विचारता यायचं, किती वाजता, कुणाचा हुकूम? हे खरं आहे. पण आम्ही दवंडीचे गोडवे गाणार नाही. गावकीचे निरोप वाहण्याचं ओझं महार वतनाच्या नावाखाली एका जातीच्या पाठीवर होतं. त्या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ते ओझं यंत्राने वाहिलं तर उत्तमच. आम्हाला दवंडीतली एकच गोष्ट परत हवी आहे, उलट प्रश्न विचारायची जागा.

तेव्हा तुमच्या टीमच्या ग्रुपवर एखादं यंत्र जोडणार असाल, तर त्याला बोलू देण्याआधी चार गोष्टी लिहा. हा नियम कुणी घातला. निरोप आल्यावर उठायचं कुणी, आणि तो नसेल तर कुणी. उठून नेमकं काय करायचं. निरोप चुकीचा निघाला तर कुणाला सांगायचं. ही चार उत्तरं नसतील तर तो निरोप पाठवू नका. आणि पत्त्याची ती किल्ली घराच्या किल्लीसारखी जपा.

त्या दूध केंद्रावर आता निरोप बदलला आहे. त्यात त्या रात्रीच्या पाळीच्या माणसाचं नाव येतं, आणि जनरेटर सुरू कर असं मराठीत लिहिलेलं असतं. त्याने 'पाहिलं, निघालो' असं उत्तर टाकलं नाही, तर दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावाने येतो. परवा गेलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "सर, आता झोपमोड माझीच होते." आम्ही म्हटलं, बाबा, तेच तर हवं होतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.