वार्तापत्रांची मुक्तस्रोत साधने : एक विचार

ईमेलने वार्तापत्र धाडण्याची मुक्तस्रोत साधने तोलताना सोयींची यादी करण्याची प्रथा पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे. मेलमन हे मूलतः चर्चेचे साधन. तेथे सभासदांना परस्परांस उद्देशून लिहिता येते. उलट कैलाश नाध यांचे लिस्टमंक एकाचे पत्र अनेकांकडे पोहोचविते. दोहोंची तुलना म्हणजे परिसंवादाची व्याख्यानाशी तुलना होय. जुन्या मेलमन 2.1 ला चिकटून राहणे मात्र असमर्थनीयच. त्याचा आधार असलेल्या पायथॉन 2 ची देखभाल 2020 च्या आरंभी संपली.

खरा प्रश्न निराळा आहे. स्वतःच्या सर्व्हरवर साधन बसविल्याने वाचकांची सूची संस्थेच्या हाती राहते, हे खरे. परंतु पत्र स्वीकारावे की अव्हेरावे, हे ठरविणारा सर्व्हर परक्याचा असतो. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून, आपल्या खातेदारांना दिवसाकाठी 5000 वा अधिक पत्रे धाडणाऱ्यांवर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या प्रेषकाची ओळख पटविणाऱ्या तिन्ही व्यवस्थांची सक्ती केली. शिवाय नव्या आयपी पत्त्याला पत नसते. ती सावकाश कमवावी लागते. म्हणून लहान संस्थेने सूची स्वतःजवळ ठेवून केवळ रवानगी व्यावसायिक सेवेकडे सोपविणे अधिक ग्राह्य ठरते. त्या सेवेला प्रत्येक वाचकाचा पत्ता दिसतो, ही उणीव मात्र कोणत्याही साधनाच्या निवडीने भरून निघत नाही.