हक्क सुटले, पुस्तके अडली

१ जानेवारी २०२२ रोजी कुसुमावती देशपांडे यांचे लेखन प्रताधिकारमुक्त झाले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे, असा आपला कायदा. त्या नोव्हेंबर १९६१ मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले सारे आता कुणालाही छापता येईल. मॉरिस कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले, त्या नागपुरात तरी ही बातमी व्हायला हवी होती. ‘दीपकळी’, ‘मोळी’ यांतल्या कथांत घटना थोडी, माणूस फार. नवकथेची वाट कुठून फुटली हे ज्याला पाहायचे आहे, त्याने तिथून सुरुवात करावी.

मला मात्र त्यांचे ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ (१९५३) अधिक मोलाचे वाटते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मोचनगड’ (१८७१) ही नावे आपल्याकडे परीक्षेपुरती घोकली जातात. कुसुमावतींनी ती पुस्तके वाचली, पारखली, केवळ जुनेपणाचे गुण त्यांना दिले नाहीत. विस्मृतीतून पुस्तक वर काढायचे तर असा वाचक लागतो. कायदा फक्त कुलूप काढतो.

आणि कुलूप निघाल्यावर मराठीत काय होते? साने गुरुजींचे हक्क २०११च्या आरंभी संपले आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांकडून येऊ लागली. ‘स्मृतिचित्रे’चेही तेच. खपणारे पुन्हा छापले जाते. चढाओढ किमतीत असते, पाठाच्या शुद्धतेत क्वचितच. दुसरीकडे राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ संगणकावर आणले, इंटरनेट अर्काइव्हवर शेकडो जुनी मराठी पुस्तके चढली. हे काम थोर आहे, पण यातले बरेचसे ग्रंथ म्हणजे पानांची छायाचित्रे आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही. मराठी विकिस्रोतावरचे स्वयंसेवक ती पाने एकेक करून टंकतात, तपासतात. हात अपुरे पडतात.

हे जमते, याचा दाखला केतकरांचा आहे. १९१६ साली नागपुरात पाया घातला गेलेला त्यांचा ज्ञानकोश २३ खंडांचा झाला, आणि यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो अक्षरांत आणून सर्वांना शोधण्याजोगा केला. त्याच केतकरांची ‘गोंडवनातील प्रियंवदा’ (१९२६) ही कादंबरी मात्र आज किती जणांच्या हाती पडते?

गोंडवनाचाच आणखी एक ठेवा आहे. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप बुडून गेले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत परधान गायकाकडून उतरवून घेतलेले लिंगो या गोंड पुराणपुरुषाचे गोंडी गीत रोमन लिपीत, इंग्रजी भाषांतरासह आहे. पुढे फोर्सिथने त्याला इंग्रजी पद्यात घोळवले. प्रताधिकार कधीच सरला आहे, पण ते गीत ज्यांचे, त्या गोंडी भाषकांच्या लिपीत आणि उच्चारांत त्यांच्याच जाणकारांनी ते पुन्हा संपादित करावे. मराठी संपादकाने तिथे मदतनीस व्हावे.

विदर्भ साहित्य संघाने शंभरी ओलांडली आहे. त्याच्याकडून मला एक साधी वही हवी आहे: वैदर्भीय लेखकांची मृत्युवर्षे. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीने १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके नोंदवून ठेवली, पण कायदा लेखकाच्या मृत्यूपासून मोजतो. त्यातही पोटनियम आहेत. कुसुमावती आणि त्यांचे पती कवी अनिल यांच्या पत्रांचे ‘कुसुमानिल’ १९७२ मध्ये, म्हणजे कुसुमावतींच्या पश्चात निघाले. म्हणून त्यातली त्यांची पत्रे २०३२ संपेपर्यंत बांधलेली राहतील. अनिल १९८२ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची उत्तरे २०४३ उजाडल्यावर सुटतील.