वाघाचा जबडा कुणी उघडला?

आता शिकारीच्या ट्रॉफ्यांकडे येऊ. संस्थानिकांनी आणि साहेबांनी मारलेल्या वाघांची मुंडकी आज लंडनच्या लिलावांत जुन्या फर्निचरबरोबर विकली जातात. तिथे मार्च १९४७ पूर्वी घडवलेल्या अशा वस्तूंना पुरातन म्हणून कायद्यानं सवलत आहे. (या तारखेचा आपल्या स्वातंत्र्याशी संबंध नाही, निव्वळ योगायोग.) आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे वाघाचं कातडं विकता येत नाही. वारशानं आलेलं, दाखला असलेलं, तेवढं घरात राहतं.

या लिलावांत एका नावाला फार भाव असतो: व्हॅन इंगेन, म्हैसूर. पेंढा भरण्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मान्यच करायला हवं. ‘पेंढा’ आपण सवयीनं म्हणतो, एवढंच. ते साच्यातून कागदाच्या लगद्याचा घाट काढत, त्यावर कातडं चढवत, काचेचे डोळे बसवत.

संग्राहक म्हणतात, प्राणी केव्हाच मेला, आता कारागिरी तेवढी बघा. हा कांटचा निर्हेतुक सौंदर्यास्वाद झाला, आणि एखाद्या फुलदाणीबाबत मी तो ऐकूनही घेईन. पण इथे कारागिरीच काहीतरी सांगतेय ना! तो वासलेला जबडा, आक्रसलेलं नाक बघा. वाघ अंगावर चालून आला होता आणि समोरचा माणूस डगमगला नाही, असं ते चेहरे म्हणतात. प्रत्यक्षात कितीतरी वाघ रेडकू बांधून, मचाणावरून, नाहीतर हत्तीच्या पाठीवरून मारले गेले. कित्येकदा वाघ पळून जात होता. डरकाळी मागाहून म्हैसूरच्या कारखान्यात तयार झाली. म्हणजे हा पुरावा घडवलेला आहे, आणि दिवाणखान्यात तो टांगणारा दुसऱ्याच्या शौर्याची बनावट पावती विकत घेतो.

आणि हाकारे? जाळीत वाघ आहे हे ठाऊक असून डबे बडवत पायी शिरणारी माणसं ती. बहुतेकदा आसपासच्या गावांतली, कित्येकदा वेठीला धरलेली. धोका त्यांचा. पितळी पट्टीवर नाव मात्र बंदूकवाल्याचं.

या वस्तू जाळून टाका असं मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आहेत, तिथे मुलं डोळे विस्फारून उभी राहतात, राहू देत. फक्त जिथे जिथे असा वाघ ठेवलाय तिथे, जेवढं कळेल तेवढं, मचाण कुठे होतं, हाक्याला किती माणसं होती आणि हा जबडा कुठल्या कारखान्यात उघडला, हे पाटीवर लिहा.