गुण जुळले पाहिजेत

आमच्याकडे लग्न जमवताना पत्रिका बघतात. छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले की शास्त्राची परवानगी मिळते. उरलेले अठरा कुठे गेले, याचा शोध घेण्यात पुढचा जन्म जातो. हे सांगायचं कारण असं, की सध्या मी तशाच एका जोडप्याच्या पत्रिका बघतो आहे. वधूचं नाव गोष्ट आणि वराचं नाव नियम. दोघं नांदतात ते घर म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या कुळातले इतर खेळ. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, आणि फासे टाकत टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची.

या कुळाशी माझी सोयरीक भाच्यामुळे जुळली. शनिवारी रात्री तो आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतो, वीस बाजूंचा फासा काढतो आणि सूत्रधार होतो. आपण म्हणायचं, “मी दार उघडतो.” तो म्हणणार, “टाका फासा, मामा.” आयुष्यात पुष्कळ दारं उघडली, पण फासा टाकून उघडलेलं हे पहिलंच. मला त्यानं योद्धा केलं. माझी अकरा वर्षांची नात पॅलाडिन झाली. पॅलाडिन म्हणजे शपथेनं बांधलेला वीर. दुबळ्याचं रक्षण, शरण आलेल्याला अभय, वगैरे. चौकडी पुरी करायला भाच्याचे दोन मित्र होते.

दुसऱ्याच शनिवारी तीन गॉब्लिन आडवे आले. गॉब्लिन म्हणजे खुजं, चोरट्या डोळ्यांचं पिशाच्च. दोघांना आम्ही मारलं. तिसरा तलवार टाकून नातीपुढे गुडघ्यावर बसला. तिनं शपथेप्रमाणं त्याला सोडून दिलं. मग हिशेब झाला. एका गॉब्लिनचे पन्नास गुण, दोघांचे शंभर, चौघांत वाटून प्रत्येकी पंचवीस. सुटला त्याचे शून्य.

“म्हणजे हिच्या दयेपायी आपले प्रत्येकी साडेबारा गेले,” एक मित्र म्हणाला. पोरगा कॉमर्सचा असावा.

नात म्हणाली, “मामा, मग सोडून द्यायचं असं शपथेत कशाला लिहिलंय?”

भाचा पुस्तक चाळू लागला. पुस्तकात सूत्रधाराला मोकळीक आहे, नाही असं नाही. शरण आलेल्यालाही हरलेला धरता येतो, मारामारीवाचून केलेल्या कामगिरीलाही गुण देता येतात. पण छापलेला आकडा आहे तो राक्षसापुढे. दयेपुढे आकडा नाही. आणि माणूस आकड्याकडे बघतो. आमच्या कचेरीत मस्टरवरच्या सहीची मोजदाद होई, कामाची होत नसे. तीस वर्षांत आमच्या सह्या फार वळणदार झाल्या.

माझ्या टीकेचा सारा मुद्दा एवढाच आहे. वेष्टनावर कोणती गोष्ट छापली आहे याला महत्त्व नाही. नियम काय मोजतो ते बघा, तीच खरी गोष्ट.

आता वराकडची कुळकथा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी हा खेळ प्रसिद्ध केला. त्याआधी होते ते शिशाच्या सैनिकांच्या लढायांचे खेळ. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ १९७१चा. म्हणजे वर रणांगणावर वाढलेला आणि वधू मागाहून घरात आलेली. असं असूनही त्या मूळ घरात संसार बरा चालला होता, कारण तिथं गुण मिळत ते मुख्यतः लुटून आणलेल्या धनाचे. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. साहजिकच शहाणा खेळाडू राक्षसाला उठवतच नसे, मागच्या दारानं हंडा घेऊन पसार होई. नायक म्हणून ही मंडळी भुरटी, पण गोष्ट चोरांची आणि नियमही चोरांचा! छत्तीसच्या छत्तीस गुण. पुढे गोष्टीला सज्जन व्हावंसं वाटलं. १९८९च्या आवृत्तीत नाण्याचा नियम ऐच्छिक झाला, वीरांची महती वाढली आणि गुण मात्र मारामारीकडे गेले. आमच्या पॅलाडिनची पंचाईत झाली ती इथं.

याच कुळात पत्रिका अचूक जमलेली घरंही आहेत. सँडी पीटरसन यांचा १९८१चा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेला आहे. तिथं शहाणपण आकड्यात मांडलेलं असतं आणि भयंकर काही दिसलं की तो आकडा उतरतो. शिवाय त्या अघोरी गोष्टींचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी शहाणपणाची कमाल मर्यादा नव्व्याण्णवावरून खाली येते. ज्याला सगळं कळलं, तो गेला कामातून. भयकथेचं सार एका वजाबाकीत आलं.

याउलट १९९१चा ‘व्हॅम्पायर’. रक्तपिपासू देहात अडकलेल्या जिवाची तडफड, असा वधूपक्षाचा मोठा आव. पण हुंड्यात इतक्या अचाट शक्ती दिल्या, की पुष्कळ टेबलांवर तडफड राहिली बाजूला आणि सुळेवाले पैलवान भिंती फोडू लागले.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं ते ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५च्या ‘पेन्ड्रॅगन’मध्ये. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत, आणि दया-क्रौर्य ही त्यातलीच एक. दया तेरा तर क्रौर्य सात, बेरीज नेहमी वीस. मोह पडला की फासा टाकून स्वतःलाच विचारायचं, बाबा रे, तू कोण? ठळक अशी दया दाखवली तर पुढे दयेचाच आकडा वाढण्याची संधी मिळते. दयेचं बक्षीस तलवार नाही. दयेचं बक्षीस म्हणजे अंगी थोडी जास्त दया.

आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेनं जोडलेला मोक्षपट आहेच. सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. गोष्ट थोर, पण एक कबुली देतो. लहानपणी मी सद्गुणाच्या शिडीवर सद्गुण दाखवून कधीच चढलो नाही. कवड्या तशा पडल्या म्हणून चढलो.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्यानं लगेच पेन्सिलीनं नवा नियम लिहिला. ‘शरणागताला सोडल्यास पन्नास गुण.’ पुढच्या शनिवारी मी एकच गॉब्लिन तीनदा पकडला आणि तीनदा सोडला. चौथ्या वेळी तो बिचारा आपणहूनच हात वर करून आला.

नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही दया नाही करत आहात. तुम्ही गुण गोळा करताय.”

मला जे सांगायला एवढी पानं लागली, ते तिनं एका दमात उरकलं.

भाच्यानं पेन्सिलीचा नियम खोडला. आता दयेला गुण नाहीत. त्याऐवजी, सोडलेल्याला नाव द्यायचं आणि आपल्याशी कोण कसं वागलं ते तो लक्षात ठेवतो, एवढाच नियम. गेल्या शनिवारी आम्ही अंधाऱ्या गुहेत शिरलो. नातीनं सोडलेला गॉब्लिन कोपऱ्यातून पुढे आला आणि तिला म्हणाला, “ताई, पुढची फळी कुजकी आहे.” माझा गॉब्लिनही तिथंच होता. तो काही बोलला नाही. नियम आणि गोष्ट असे एकदिलानं वागताना मी प्रथमच पाहिले, तेही खाली पडता पडता.

मी अजून खड्ड्यातच आहे. येत्या शनिवारी नात दोर टाकणार आहे म्हणते. गुण किती मिळतील, हे तिनं विचारलेलं नाही.