प्रथिनमापनातील रिक्त जागा

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने कोविड रुग्णांच्या नाकघशातील स्रावांतील प्रथिनांचा अभ्यास केला व तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासाचा आमच्या मते खरा विशेष असा, की प्रथिनांचा सरसकट धांडोळा घेऊन लेखक तेथेच थांबले नाहीत. निवडक प्रथिनांची लक्ष्यित पद्धतीने त्यांनी पुन्हा तपासणी केली. ही दुसरी पायरी अलंकारादाखल नाही, हे ध्यानी येण्यासाठी पहिल्या पायरीवरील आकडे कसे सिद्ध होतात ते पाहिले पाहिजे.

मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिन मोजीत नाही. ट्रिप्सिनने पाडलेल्या तुकड्यांच्या, म्हणजे पेप्टाइडांच्या, आयनांची तीव्रता तो नोंदतो; त्यावरून प्रथिनाचा आकडा बांधण्याचे काम कॉक्स व मान यांच्या ‘मॅक्सक्वांट’सारखी (२००८) संगणकप्रणाली करते. सरसकट पद्धतीत यंत्र त्या त्या क्षणीचे ठळक आयनच फोडून पाहते. त्यामुळे एका नमुन्यातील प्रथिन दुसऱ्यात नोंदलेच जात नाही, आणि कोष्टकात जागा रिकामी राहते. मग जोडीची ‘पर्सियस’ प्रणाली ती भरून देते : नमुन्यातील लॉगॅरिथमी मूल्यांच्या सरासरीपासून १·८ प्रमाण विचलने खाली, मूळच्या ०·३ पट रुंदीच्या प्रसामान्य वितरणातून यदृच्छेने काढलेला आकडा तेथे बसतो. ही मूल्ये बदलता येतात. पण आयती मिळालेली गोष्ट सहसा कोण बदलतो?

न सापडलेले ते अल्पच असणार, हे गृहीत पुष्कळदा रास्त असते. परंतु सौम्य आजाराच्या तिन्ही नमुन्यांत एखाद्या प्रथिनाची जागा रिकामी असली, तर भरलेले तिन्ही आकडे परस्परांच्या निकट पडतात. टी-कसोटीला विचलन क्षुल्लक दिसते व ती फरक ‘अर्थपूर्ण’ ठरविते. ही निश्चिती रुग्णाच्या स्रावातून आलेली नसून त्या ०·३ मधून आलेली असते. आणि अशाच प्रथिनाकडे आजार बळावण्याची खूण म्हणून बोट दाखविले जाण्याचा संभव असतो.

लक्ष्यित मोजणीत बहुधा वापरली जाणारी ‘स्कायलाइन’ (२०१०) प्रणाली प्रत्येक शिखराचा आलेख डोळ्यांपुढे ठेवते. त्याच्या कडा कोठे धराव्यात, हा निर्णय तेथेही अभ्यासकाचाच. पण तो दिसतो, त्यावर भांडता येते. प्रबंधांतील कोष्टकांत भरलेले आकडे निराळ्या टाइपात छापावेत, एवढी आमची सूचना आहे. परीक्षकाने प्रथम त्यांचीच मोजदाद करावी.